एकही नाव सुटता कामा नये

मे १८४७. अमेरिकेतल्या प्लॅट नदीच्या काठाने बैलगाड्यांचा एक तांडा पश्चिमेला चालला आहे. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गवत, आणि गवतात बायसनचे कळप. एका गाडीच्या चाकाच्या आऱ्याला लाल कापडाची चिंधी बांधलेली आहे आणि चाकाशेजारून विल्यम क्लेटन नावाचा बत्तीस वर्षांचा इंग्रज कारकून चालतो आहे. चिंधी वर आली की एक, पुन्हा वर आली की दोन. त्याने चाकाचा घेर मोजून ठेवला होता: १४ फूट ८ इंच. मैलाचे ५,२८० फूट. भागाकार केला की उत्तर येते बरोबर ३६०, शिल्लक शून्य. चाकाचे ३६० फेरे म्हणजे एक मैल. ८ मे रोजी हा माणूस दिवसभर मोजत चालला आणि संध्याकाळी वहीत आकडा लिहिला: ४,०७० फेरे. म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेरे.

ते वरचे वीस फेरेसुद्धा त्याने सोडले नाहीत. पुढे तांड्यातल्याच ऑर्सन प्रॅट या गणिताची जाण असलेल्या सोबत्याने लाकडी दातेरी चाकांचे यंत्र आखले, ॲपलटन हार्मन या सुताराने ते बनवले, आणि फेरे मोजण्याचे काम गाडीच करू लागली. १८४८ साली क्लेटनने या वाटेची मार्गदर्शिका छापली. पाणी कुठे, गवत कुठे, चढ कुठे, सगळे मैलांच्या हिशोबाने. विंटर क्वार्टर्स या निघण्याच्या तळापासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत अंतर १,०३१ मैल. चाकाच्या भाषेत ३,७१,१६० फेरे.

हे लोक मॉर्मन होते. त्यांच्या चर्चचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. धर्मांचे इतिहास वाचताना चमत्कार भेटतात, युद्धे भेटतात, संतचरित्रे भेटतात. इतक्या चिकाटीने मोजदाद करणारा, नोंदी ठेवणारा, याद्या करणारा पंथ मात्र मला दुसरा माहीत नाही. आणि ही मोजदाद निव्वळ व्यवस्थेचा भाग नाही. या लोकांची श्रद्धा काय आहे हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आकड्यांतूनच जावे लागते.

सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावाजवळची. जोसेफ स्मिथ, जन्म २३ डिसेंबर १८०५, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा जेमतेम. त्या भागात तेव्हा धर्मजागृतीच्या सभांना ऊत आला होता. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, प्रत्येक जण आपलाच मार्ग खरा म्हणत होता. यातला कोणता धरावा हे विचारायला चौदा वर्षांचा जोसेफ १८२० च्या वसंतात रानात जाऊन प्रार्थनेला बसला. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे त्याला ईश्वर पिता आणि येशू ख्रिस्त अशा दोन वेगळ्या, देहधारी व्यक्ती दिसल्या आणि कोणत्याच पंथात जाऊ नकोस असे त्यांनी सांगितले. १८२३ मध्ये मोरोनाय नावाचा देवदूत आला आणि जवळच्याच टेकडीत सोन्याचे कोरीव पत्रे पुरलेले आहेत असे त्याने सांगितले. २२ सप्टेंबर १८२७ रोजी, चार वर्षांनी, ते पत्रे जोसेफच्या हाती आले.

या पत्र्यांपाशी थोडे थांबायला हवे. ज्यांनी ते पाहिल्याचे किंवा उचलल्याचे सांगितले, त्यांच्या वर्णनांवरून आकार साधारण ६ इंच रुंद, ८ इंच लांब आणि एकूण जाडी ६ इंच. घनफळ २८८ घन इंच. या मापाचा शुद्ध सोन्याचा भरीव ठोकळा केला तर त्याचे वजन भरेल सुमारे ९१ किलो, म्हणजे जवळजवळ तांदळाची दोन मोठी पोती. साक्षीदार सांगतात ते वजन ४० ते ६० पौंड, म्हणजे १८ ते २७ किलो. श्रद्धावंत म्हणतात की पत्रे तांबेमिश्रित सोन्याचे असणार आणि पत्र्या-पत्र्यांत फटी असणार. टीकाकार म्हणतात की मुळात पत्रे होते कुठे? जोसेफच्या म्हणण्याप्रमाणे ते पुढे देवदूताने परत नेले. ग्रंथाच्या सुरुवातीला आधी तीन आणि मग आठ अशा अकरा जणांची साक्ष छापलेली असते. तिघांपैकी प्रत्येक जण नंतर कधी ना कधी चर्चपासून दूर गेला, पण पत्रे पाहिल्याची साक्ष एकानेही मागे घेतली नाही. दोन्ही बाजूंनी वाद घालणाऱ्यांना हा तपशील आजही पुरून उरतो.

भाषांतराचा वेगही थक्क करणारा आहे. पहिल्या फेरीतली ११६ हस्तलिखित पाने मार्टिन हॅरिस या धनिक शेतकऱ्याने घरच्यांना दाखवायला नेली आणि ती कायमची गहाळ झाली. मुख्य काम झाले १८२९ च्या एप्रिल ते जूनमध्ये. जोसेफ एक गुळगुळीत दगड टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून मजकूर सांगत जाई आणि ऑलिव्हर काउडरी हा शाळामास्तर लिहून घेई. सुमारे २ लाख ७० हजार शब्द, कामाचे दिवस अंदाजे ६५. रोजचे चार हजारांहून जास्त शब्द, आणि सांगणारा तेवीस वर्षांचा. श्रद्धावंतांना यात दैवी हात दिसतो. अभ्यासकांना त्यात किंग जेम्स बायबलची लय, तिथलेच उतारे आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचे प्रश्न दिसतात. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवाव्याशा वाटतात: मजकुरावर त्याच्या काळाचा ठसा स्पष्ट आहे, आणि तरीही अडीच महिन्यांत हे सांगून संपवणे हे साधेसुधे काम नव्हे.

ग्रंथाची कथा ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास जेरुसलेममधून निघालेल्या लीहाय या संदेष्ट्याच्या कुटुंबापासून सुरू होते. ते कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत येते, वाढते, दोन तटांत फुटते, लढते. पुनरुत्थानानंतर येशू त्यांना अमेरिकेत भेट देतो. इसवी सन ४२१ मध्ये त्यातल्या एका तटाचा शेवटचा माणूस मोरोनाय, पुढे देवदूत होऊन येणारा तोच, पत्रे पुरून ठेवतो. हजार वर्षांहून मोठा पट, ६,६०४ श्लोक. यातल्या नगरांचा आणि युद्धांचा पुरातत्त्वीय पुरावा अमेरिकेच्या भूमीत सापडलेला नाही. कथेत घोडे आणि पोलाद येते, तेही त्या काळच्या अमेरिकेच्या ज्ञात इतिहासात बसत नाही.

छापखान्यातले आकडे मात्र पक्के आहेत. पामायरातल्या ई. बी. ग्रँडिनच्या छापखान्यात ५,००० प्रतींची ऑर्डर गेली, किंमत ३,००० डॉलर. अनोळखी लेखकाच्या पुस्तकाची ५,००० प्रतींची पहिली आवृत्ती, तीही खेड्यात, हे त्या काळी धाडसच होते. ग्रँडिनने हमीशिवाय काम धरायला नकार दिला, तेव्हा त्याच मार्टिन हॅरिसने शेत गहाण टाकले आणि शेवटी १५१ एकर विकून बिल भागवले. हस्तलिखितात विरामचिन्हे नव्हतीच. जॉन गिल्बर्ट हा खिळे जुळवणारा कारागीर पेन्सिल घेऊन स्वल्पविराम-पूर्णविराम घालत बसे. सोळा-सोळा पानांचे ३७ फर्मे, पाच हजार प्रती, म्हणजे १ लाख ८५ हजार फर्मे घडी घालून शिवायचे. सात महिने काम चालले. २६ मार्च १८३० रोजी पुस्तक विक्रीला आले. आजवर ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या २० कोटींच्या आसपास प्रती छापल्या गेल्या आहेत, ११० हून अधिक भाषांत. पहिल्या आवृत्तीच्या चाळीस हजार पट.

पुस्तक आल्यावर अकराव्या दिवशी, ६ एप्रिल १८३० रोजी, फेएट इथल्या एका शेतघरात चर्चची स्थापना झाली. कायद्याच्या कागदावर सभासद सहा.

आता त्या सहा जणांच्या श्रद्धेकडे वळू, कारण पुढचा सगळा पसारा तिच्यातून आला. पारंपरिक ख्रिस्ती धर्मात ईश्वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे. मॉर्मनांच्या मते ते तीन वेगळे. पित्याला हाडामांसाचे शरीर आहे. माणूस जन्मण्याआधीही आत्मरूपाने होता, ईश्वराचे लेकरू म्हणून त्याच्यापाशी राहत होता. पृथ्वीवर तो देह मिळवायला आणि निवड करायला शिकायला येतो. मेल्यावर स्वर्ग किंवा नरक असे दोनच दरवाजे नाहीत. १६ फेब्रुवारी १८३२ च्या दर्शनात जोसेफ स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन यांनी तीन लोक पाहिले: सूर्यासारखा, चंद्रासारखा आणि ताऱ्यांसारखा. जवळजवळ सगळी माणसे यांपैकी एकात पोचतात. सर्वात वरच्या लोकात पोचलेला माणूस ईश्वरासारखा होऊ शकतो, आणि तिथे तो एकटा नसतो. मंदिरात बांधलेली लग्नगाठ आणि आईबाप-मुलांचे नाते मरणानंतरही टिकते.

या श्रद्धेतले विश्व प्रचंड आहे. स्मिथने १८३० मध्ये सांगितलेल्या मजकुरात ईश्वराने अगणित जगे निर्माण केली असे येते. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ अब्राहम’मध्ये ईश्वराच्या सिंहासनाजवळच्या कोलोब नावाच्या ताऱ्याचा उल्लेख आहे. तिथला एक दिवस म्हणजे इथली हजार वर्षे. हिशोब करून पाहा: कोलोबचा एक तास म्हणजे आपली सुमारे ४२ वर्षे, एक मिनिट म्हणजे आठ महिन्यांहून जास्त, एक सेकंद म्हणजे चार दिवस. ज्या जोसेफने हे सांगितले त्याचे सगळे आयुष्य कोलोबच्या घड्याळात तासाभरापेक्षा कमी भरते. ब्रह्मदेवाच्या एका दिवसाला ४३२ कोटी वर्षे मोजणाऱ्या आपल्या पुराणांना हे प्रमाण लहान वाटेल. पण तेव्हाचे बहुतेक अमेरिकन ख्रिस्ती जगाचे वय सहा हजार वर्षे धरत होते. त्यांच्यात हे विश्व एकदम भिंती पाडून उघडल्यासारखे होते.

याच पुस्तकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८३५ मध्ये चार इजिप्शियन ममी आणि काही पपायरस २,४०० डॉलरला विकत घेण्यात आले आणि त्यांचेच भाषांतर म्हणून हा मजकूर पुढे आला. त्या पपायरसचे तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधून चर्चला परत मिळाले. इजिप्तच्या लिपीचे तज्ज्ञ सांगतात की ती मृतांसोबत ठेवायची नेहमीची धार्मिक वचने आहेत, त्यात अब्राहमचा पत्ता नाही. तुकड्यांवरची अक्षरे या मजकुराशी जुळत नाहीत हे चर्चनेही नंतर आपल्या लेखात मान्य केले आहे.

शेजाऱ्यांना हे लोक कुठेच पचले नाहीत. एकगठ्ठा मते देणारे, एकगठ्ठा जमीन घेणारे, आपला संदेष्टा हयात आहे म्हणणारे. मिसूरीचा गव्हर्नर लिल्बर्न बॉग्ज याने २७ ऑक्टोबर १८३८ रोजी लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा. तीन दिवसांनी हॉन्स मिल वस्तीवर १७ जण मारले गेले. तो हुकूम कागदोपत्री रद्द झाला १९७६ मध्ये. १३८ वर्षे तो तसाच होता. इलिनॉयमध्ये त्यांनी नॉवू शहर उभे केले. पाच-सहा वर्षांत तिथली वस्ती बारा हजारांच्या आसपास गेली, त्या वेळच्या शिकागोच्या तोडीची. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि त्याच वर्षी २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला आणि त्याचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. वय ३८. मागे अनुयायी सुमारे २६ हजार.

पुढे स्मिथनंतरचा नेता ब्रिगम यंग याने लोकांना रॉकी पर्वतापलीकडे नेले. पहिल्या तुकडीत १४३ पुरुष, ३ स्त्रिया, २ मुले होती, आणि त्यातच क्लेटन. २४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंतच्या बावीस वर्षांत सुमारे ७० हजार माणसे या वाटेने आली. यातला हातगाड्यांचा भाग वाचताना माझ्या पोटात तुटते. युरोपातल्या गरीब नवमॉर्मनांना बैलगाडी परवडेना, म्हणून १८५६ पासून लाकडी हातगाड्या ओढत चालत येण्याची योजना निघाली. मोठ्या माणशी सामान १७ पौंड, पावणेआठ किलो: त्यात अंथरूण, कपडे, भांडी सगळे. दहा तुकड्या, सुमारे तीन हजार माणसे, आयोवा सिटीपासून निघाले तर १,३०० मैल. त्या वर्षी विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या उशिरा निघाल्या आणि वायोमिंगमध्ये हिमवादळात सापडल्या. दोन्ही मिळून हजारेक माणसे, त्यातली दोनशेहून जास्त वाटेतच गेली. पीठ संपत आले होते आणि नवीन गाड्यांचे ओले लाकूड वाळून चिरत होते. हंगाम टळून गेला असताना त्यांना पुढे पाठवणाऱ्यांची ती चूक होती, आणि किंमत मोजली लँकशायर-डेन्मार्ककडच्या विणकर-शेतमजुरांनी.

बहुपत्नीत्वाशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. स्मिथला तीस ते चाळीस बायका होत्या हे चर्चने २०१४ च्या आपल्या लेखात मान्य केले. यंगच्या बायका पन्नासहून अधिक आणि मुलेही पन्नासहून अधिक. १८५२ मध्ये ही प्रथा जाहीर झाली, केंद्र सरकारने चर्चची मालमत्ता जप्त करण्यापर्यंत मजल नेली, आणि १८९० मध्ये चौथे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती थांबवल्याचे जाहीर केले. १८९६ मध्ये युटा राज्य झाले. आज बहुपत्नीत्व पाळणारे गट चर्चबाहेरचे आहेत. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारी बंदी मात्र १८५२ पासून १९७८ पर्यंत टिकली, १२६ वर्षे. सगळी माणसे ईश्वराची लेकरे म्हणणाऱ्या धर्माला हा डाग पुसायला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्याची सबब कोणत्याही श्रद्धेत सापडत नाही.

सहा माणसांचे पुढे काय झाले? दहा लाखांचा टप्पा आला १९४७ मध्ये, ११७ वर्षांनी. वीस लाखांचा १९६३ मध्ये, सोळा वर्षांनी. एक कोटी १९९७ मध्ये. २०२४ अखेर चर्चच्या नोंदीत १ कोटी ७५ लाख सभासद. सहाला एकवीस वेळा दुप्पट करा, आकडा १ कोटी २५ लाखांवर जातो. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, सरासरी दर नऊ वर्षांनी हा समाज दुप्पट होत आला. १९८४ मध्ये रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने दशकाला ५० टक्के वाढ धरून भाकीत केले की २०८० मध्ये मॉर्मन २६.५ कोटी असतील, एक नवा जागतिक धर्म. चक्रवाढीचे आकडे भुलवतात ते असे. अलीकडची वाढ वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्या वेगाने २०८० मध्ये सभासद भरतील चार कोटी.

आणि नोंदीतला सभासद म्हणजे देवळात येणारा सभासद नव्हे. आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला की नाव यादीत चढते. माणूस यायचा थांबला, पत्ता हरवला, तरी स्वतःहून नाव काढेपर्यंत ते राहते. २०१० मध्ये ब्राझीलमध्ये चर्चच्या हिशोबाने ११ लाखांवर मॉर्मन होते. त्याच वर्षीच्या ब्राझीलच्या जनगणनेत ‘मी मॉर्मन’ असे सांगणारे निघाले २,२६,५०९. पाचातला एक. इतक्या काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या सर्वात मोठ्या आकड्यातच ही पोकळी आहे. चर्चने हजेरीचे आकडेही सभासदसंख्येइतक्याच ठळकपणे छापावेत असे मला मनापासून वाटते.

वाढ होते ती मुख्यतः दोघा-दोघांनी फिरणाऱ्या तरुण मिशनऱ्यांमुळे. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. २०२४ अखेर असे ७४ हजार तरुण जगभर होते आणि त्या वर्षी नवे सभासद झाले तीन लाखांच्या वर. दर मिशनऱ्यामागे वर्षाला चार. बाकी सगळी दारे बंद होतात, आणि एकोणीस-वीस वर्षांची पोरे दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडतात. हे लोण आपल्याकडे लवकर आले होते. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्येच मुंबईत उतरला, पुण्याला गेला. छावणीतल्या इंग्रज सैनिकांमध्ये त्याने डझनभर लोकांची शाखा उभी केली आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही छापली. काही वर्षांत सगळे विरून गेले. आज साऱ्या भारतात मॉर्मन पंधरा हजारांच्या आसपास आहेत आणि बंगळूरला त्यांचे पहिले मंदिर उभे राहते आहे.

पैशाचे आकडे मी थोडक्यात सांगतो. सभासदाने उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा हा नियम. वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप पगार घेत नाही, दिवसा तो दुकानदार किंवा दंतवैद्य असतो. जगभरच्या ३१ हजारांहून अधिक वॉर्ड-शाखा अशाच चालतात. पैसा साठतो तो वर. २०१९ मध्ये चर्चच्या गुंतवणूक संस्थेतल्या एका माजी कर्मचाऱ्याने तक्रार केली की तिथे १०० अब्ज डॉलर जमा आहेत. तेव्हाच्या दराने सात लाख कोटी रुपये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने गुंतवणूक १३ कागदी कंपन्यांच्या आड लपवल्याबद्दल ५० लाख डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी चर्चने गरजूंवर १.३६ अब्ज डॉलर खर्च केल्याचे सांगितले. रक्कम मोठी आहे, पण त्या शंभर अब्जांच्या दीड टक्काही नाही. विधवेचा दहावा भाग घेणाऱ्या संस्थेला याचे उत्तर द्यावे लागेल.

मला मात्र या सगळ्यांत सर्वात मोठा आकडा वाटतो तो सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका डोंगरातला.

लिटल कॉटनवुड नावाची दरी आहे, शहरापासून वीसेक मैलांवर. सॉल्ट लेकच्या मंदिराचा दगड इथलाच. ६ एप्रिल १८५३ रोजी कोनशिला बसली, ६ एप्रिल १८९३ रोजी मंदिर पुरे झाले, बरोबर चाळीस वर्षे. रेल्वेचा फाटा येईपर्यंत एकेक शिळा बैलगाडीने यायची. मधे अमेरिकी सैन्य चालून येते आहे म्हणून पाया मातीखाली गाडून टाकला, वर नांगरटीचे शेत केले, आणि सैन्य गेल्यावर पुन्हा उकरला. भिंती तळाशी नऊ फूट जाड. आता भूकंपापासून वाचवायला त्याच मंदिराखाली ९८ भूकंपरोधक आधार बसवले गेले. मार्च २०२० मध्ये ५.७ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा शिखरावरच्या मोरोनायच्या हातातली तुतारी खाली पडली.

या मंदिरात रविवारची प्रार्थना होत नाही. तिथे विधी होतात, आणि त्यातले बहुतेक मेलेल्यांसाठी. तर्क सरळ आहे: बाप्तिस्मा आवश्यक आहे, तो देहानेच घ्यावा लागतो, आणि येशूचे नावही न ऐकता गेलेली माणसे अगणित आहेत. न्यायी ईश्वर त्यांना कसे टाकेल? म्हणून जिवंत माणसाने त्यांच्या वतीने पाण्यात उतरायचे. दगडी किंवा धातूच्या बारा बैलांच्या पाठीवर पेललेल्या हौदात बारा-पंधरा वर्षांची मुले एकेका मृताच्या नावाने बुडी घेतात. ते स्वीकारायचे की नाकारायचे हे त्या मृताने परलोकात ठरवायचे, असे ते मानतात. पण विधी नावाने होतो, एकेकाचा होतो. ‘सर्व मृतात्म्यांसाठी’ असे मोघम चालत नाही. नाव हवे, तारीख हवी, गाव हवे.

म्हणून १८९४ मध्ये वंशावळ संस्था निघाली. १९३८ पासून जगभरच्या चर्चच्या, सरकारच्या, दफनभूमीच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण सुरू झाले. रिळे ठेवायला १९६० च्या दशकात त्याच लिटल कॉटनवुड दरीत ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून कोठारे केली. तोंडाशी १४ टनांचा पोलादी दरवाजा, अणुस्फोट झाला तरी आतली नावे वाचावीत म्हणून. आत २४ लाख रिळे. एक रीळ शंभर फुटांचे धरले तर फितीची लांबी ७३ हजार किलोमीटर, पृथ्वीला पावणेदोन फेऱ्यांहून जास्त. २०२१ मध्ये या सगळ्या रिळांचे डिजिटल रूपांतर पुरे झाले. त्यांत ११.५ अब्जांहून अधिक नावे. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता वाचली तर ३६४ वर्षे लागतील.

या ध्यासाने जखमाही केल्या. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे कोणाला न विचारता या विधींच्या यादीत आली होती. ज्यांना ज्यू म्हणून मारले, त्यांना मेल्यावर ख्रिस्ती पाण्यात उतरवणे त्यांच्या वारसांना असह्य झाले, आणि ते योग्यच होते. १९९५ मध्ये करार होऊन ३ लाख ८० हजार नावे यादीतून काढायचे ठरले. तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकच्या नावाचा विधी झाल्याचे उघड झाले आणि चर्चला नियम आणखी कडक करावे लागले. आता सभासदाने फक्त स्वतःच्या पूर्वजांची नावे द्यायची.

पण किती नावे बाकी आहेत? लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज असा की आजवर पृथ्वीवर जन्मलेली माणसे ११७ अब्ज. डोंगरातली ११.५ अब्ज नावे, त्यात पुनरुक्ती असणारच, तरी ती सगळी वेगळी धरली तर दहातला एक. उरलेल्या साडेदहा हजार कोटींतली बहुतेक माणसे लिपी यायच्या आधी गेली, किंवा त्यांचे नाव कोणी लिहिले नाही. मॉर्मन श्रद्धा म्हणते की ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतरच्या हजार वर्षांच्या राज्यात हे काम पुरे होईल. हजार वर्षांत ११७ अब्ज म्हणजे वर्षाला ११ कोटी ७० लाख, दिवसाला ३ लाख २० हजार, सेकंदाला जवळजवळ चार बाप्तिस्मे, रात्रंदिवस. हे माझ्या दृष्टीने या धर्माचे खरे माप आहे. बाहेरचा माणूस याला अशक्य म्हणेल. हे लोक मात्र त्यातले आज करता येईल तेवढे करत बसले आहेत, जगातल्या प्रत्येक मृताला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची म्हणून.

मराठी माणसाला यातला एक भाग परका वाटू नये. नाशिक-त्र्यंबकला गेले की तीर्थोपाध्ये आडनाव आणि मूळ गाव विचारतात, चोपडी काढतात, आणि पणजोबांच्या हातची मोडीतली नोंद समोर धरतात. हरिद्वार आणि उत्तरेतल्या इतर तीर्थांवरच्या पंड्यांच्या अशाच बह्यांचेही या युटाच्या संस्थेने चित्रण करून ठेवले आहे. तिचे फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ कोणत्याही धर्माच्या माणसाला फुकट पाहता येते. खाते उघडायला पैसे लागत नाहीत आणि धर्म विचारत नाहीत. त्या बह्यांची पाने तिथे गाव-जातीप्रमाणे लावलेली आहेत. ओल्या हाताने उलटून विरत चाललेले जे कागद गंगेकाठच्या घरांत होते, त्यांची दुसरी प्रत आता अमेरिकेत आहे, आणि आपल्या घरातले कोणी कधी हरिद्वारची यात्रा करून आले असेल, तर शोधायला सुरुवात करण्याजोगी ती जागा आहे.